रात्रीची गादी आणि तिचे वारस

एखाद्या गांवच्या देवळांत वीस-पंचवीस वर्षें एकच हरिदास कीर्तन करीत असावा, आणि एके वर्षीं त्याच्या जागीं त्याचा तरुण शिष्य उभा राहावा, म्हणजे श्रोत्यांची मनःस्थिति कशी होते हें सर्वांच्या परिचयाचें आहे. शिष्याचा आवाज कदाचित् गुरूहून गोड असेल, त्याचें पाठांतरहि कमी नसेल. तरी पहिले कित्येक दिवस मंडळी त्याचें कीर्तन ऐकतच नाहींत. त्याच्यांत गुरु किती उतरला आहे आणि किती उतरला नाहीं, याचें मोजमाप करीत तीं बसतात. झांजा त्याच, मृदंग तोच, उभें राहण्याची जागाहि तीच. बदललेला असतो तो एक माणूस. आणि तेवढ्यानें सारें देऊळ परकें वाटूं लागतें.

अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर हाच प्रसंग गेल्या सत्तर वर्षांत पुनःपुन्हां उद्भवला आहे. तेथें रात्रीं उशिरां होणाऱ्या गप्पागोष्टींच्या प्रत्येक कार्यक्रमाला एक सूत्रधार असतो. तो वृद्ध झाला, थकला, किंवा तरुण प्रेक्षक त्याच्याकडे पाठ फिरवतील अशी भीति वाटूं लागली, कीं चालकांना नवा माणूस शोधावा लागतो. वरवर पाहतां ही साधी नेमणूक आहे. प्रत्यक्षांत मात्र अशा नेमणुकींतून जुने स्नेह तुटले, कोट्यवधि डॉलर खर्चीं पडले, आणि ज्यांचीं नांवें कोणालाहि ठाऊक नाहींत अशा कित्येक कामगारांचीं बिऱ्हाडें हललीं. असें कां व्हावें, याचें उत्तर त्या कार्यक्रमाच्या घडणींतच सांपडतें.

२७ सप्टेंबर १९५४ रोजीं एन. बी. सी. ह्या प्रक्षेपण-संस्थेनें न्यू यॉर्कहून ‘टुनाइट’ हा कार्यक्रम देशभर सुरू केला. त्याचे पहिले सूत्रधार स्टीव्ह ॲलन हे तेव्हां बत्तीस वर्षांचे होते. विनोद, पियानोवादन आणि हजरजबाबी संभाषण हीं तिन्ही अंगें त्यांना साधलेलीं होतीं. त्यांनीं जी मांडणी घालून दिली तीच पुढें रूढ झाली. आरंभीं सूत्रधार एकटा उभा राहून त्या दिवसाच्या घडामोडींवर विनोद करतो. नंतर तो मेजामागें बसतो. शेजारच्या कोचावर एकामागून एक पाहुणे येतात. मधून मधून वाद्यवृंद वाजतो. कीर्तनाच्या परिभाषेंत सांगावयाचें तर पहिला भाग पूर्वरंग आणि दुसरा उत्तररंग. पूर्वरंग सर्वस्वीं सूत्रधाराचा. उत्तररंगांतील पाहुणे रोज बदलतात, परंतु त्यांना बोलतें करणारा तोच राहतो.

ही मांडणी टिकली याचें एक कारण आर्थिक आहे. नाटक किंवा बोलपट तयार करण्यास जो खर्च येतो त्याच्या मानानें मेज, कोच आणि वाद्यवृंद यांचा खर्च थोडा. आणि जाहिराती मात्र आठवड्यांतून पांच रात्री मिळत. दुसरें कारण वेळेंत आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीं अकरा वाजतां स्थानिक केंद्रें आपापल्या गांवच्या बातम्या देतात, आणि त्या संपल्या कीं हा कार्यक्रम लागतो. घरांतील कामें आटोपलेलीं असतात, मुलें निजलेलीं असतात, आणि पाहणारा पुष्कळदां अंथरुणावर आडवा झालेला असतो. अशा वेळीं घरांत येणारा माणूस नट म्हणून येत नाहीं, ओळखीचा म्हणून येतो. वर्षानुवर्षें तो येत राहिला, म्हणजे त्याचें येणें ही झोपेपूर्वींची एक सवय होऊन बसते. आणि सवय ही अशी वस्तु आहे कीं ती एकाच्या नांवावरून दुसऱ्याच्या नांवावर करून देतां येत नाहीं. करारानें गादी मिळते. तिच्याबरोबर लोकांची सवय मिळत नाहीं. ह्या कार्यक्रमाच्या इतिहासांतील बहुतेक कलह ह्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें उत्पन्न झाले.

हा अनुभव चालकांना फार लवकर आला. जानेवारी १९५७ मध्यें ॲलन यांनीं कार्यक्रम सोडला, तेव्हां संस्थेनें जुनी मांडणीच मोडून टाकली. एका घरोब्याच्या सूत्रधाराऐवजीं निरनिराळ्या शहरांतील वृत्तपत्रकारांच्या बातम्या आणि गप्पा दाखविण्याचा प्रयोग तिनें सुरू केला. तो सहा महिन्यांतच गुंडाळावा लागला. बातम्या तर लोकांनीं नुकत्याच ऐकलेल्या असत. त्यानंतर त्यांना हवा होता तो सोबती. २९ जुलै १९५७ रोजीं जॅक पार त्या मेजामागें बसले आणि कार्यक्रमाला पुन्हां एक चेहरा मिळाला.

पार यांचा स्वभाव हळवा. राग आला तर राग, डोळ्यांत पाणी आलें तर पाणी, कांहींहि ते प्रेक्षकांपासून लपवीत नसत. फेब्रुवारी १९६० मध्यें शौचकूपाचा उल्लेख असलेला त्यांचा एक विनोद संस्थेनें त्यांना न विचारतां कापला. दुसऱ्या रात्रीं त्यांनीं ही गोष्ट प्रेक्षकांना उघड सांगितली आणि कार्यक्रम अर्धा टाकून ते निघून गेले. ते परत आले ७ मार्च रोजीं. इतके दिवस गादी त्यांच्यासाठीं राखून ठेवावी लागली, यावरून सत्ता कोणाच्या हातीं गेली होती हें दिसून येतें. परंतु रोजच्या श्रमानें तेहि थकले आणि मार्च १९६२ च्या अखेरीस त्यांनीं कायमचा निरोप घेतला.

त्यांच्या जागीं जॉनी कार्सन यांची निवड झाली होती, पण ते दुसऱ्या संस्थेशीं कराराने बांधलेले होते. म्हणून सहा महिने पाहुण्या सूत्रधारांनीं वेळ निभावून नेली, आणि १ ऑक्टोबर १९६२ रोजीं, वयाच्या ३६ व्या वर्षीं, कार्सन प्रेक्षकांसमोर आले. त्यांनीं पार यांची नक्कल केली नाहीं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पार आपलें अंतःकरण उघडें करीत. कार्सन तें झांकून ठेवीत. विनोद फसला तर त्या फसण्यावरच डोळे मिचकावून ते दुसरा विनोद करीत. प्रेक्षकांना नव्या माणसाची नवी सवय लावण्यास हें वेगळेपण उपयोगीं पडलें; कारण ज्याची तुलनाच होऊं शकत नाहीं, त्याच्याशीं लोक लवकर समेट करतात. एड मॅकमेहन हे त्यांचे सहकारी अखेरपर्यंत त्यांच्या शेजारीं बसले. १९७२ मध्यें कार्यक्रम न्यू यॉर्कहून कॅलिफोर्नियांतील बरबँक येथें गेला. १९८० मध्यें दीड तासाचा एक तास झाला. परंतु सूत्रधार तेच राहिले. तरुण विदूषकानें आपली कला दाखविल्यावर कार्सन यांनीं त्याला कोचावर येऊन बसण्याची खूण केली, तर त्या होतकरूचें भाग्य उदयास आलें असें समजलें जाई.

अशी तीस वर्षें गेलीं. इतक्या दीर्घ राजवटींत वारसाचा प्रश्न सुटत नाहीं, तो फक्त लांबणीवर पडतो. कार्सन रजेवर गेले म्हणजे कोणी ना कोणी त्यांच्या जागीं बसे, आणि त्या प्रत्येकाकडे लोक संभाव्य वारस म्हणून पाहत. जोन रिव्हर्स ह्या विनोदी नटी १९८३ पासून कायमच्या पाहुण्या सूत्रधार होत्या. १९८६ मध्यें फॉक्स ह्या नव्या संस्थेनें त्यांना स्वतःचा कार्यक्रम देऊं केला आणि त्यांनीं तो स्वीकारला. हा कार्यक्रम कार्सन यांच्याच वेळेला होणार होता. कार्सन यांनीं त्यानंतर त्यांच्याशीं पुन्हां संभाषण केलें नाहीं. रिव्हर्स यांचा नवा कार्यक्रमहि त्यांच्या हातून मे १९८७ मध्यें गेला. गादी रिकामी होईपर्यंत थांबणाऱ्याला कांहीं अधिकार नसतो, आणि थांबला नाहीं तर तो कृतघ्न ठरतो, हें वारसाचें दुःख ह्या प्रसंगांत स्पष्ट दिसतें.

कार्सन यांनीं २२ मे १९९२ रोजीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, शेवटचा कार्यक्रम केला. त्या रात्रीं पाहुणे नव्हते. जुनीं दृश्यें दाखवून, एका साध्या स्टुलावर बसून त्यांनीं प्रेक्षकांचा निरोप घेतला. वारस म्हणून दोन नांवें पुढें होतीं. डेव्हिड लेटरमन हे १९८२ पासून कार्सन यांच्या पाठोपाठ लागणारा ‘लेट नाइट’ हा कार्यक्रम करीत. बुद्धिमान्, तिरकस, रूढ रीतींची थट्टा करणारे. जे लेनो हे १९८७ पासून कार्सन यांच्या रजेंत गादी सांभाळीत. कष्टाळू, मनमिळाऊ, गांवोगांवच्या केंद्रचालकांशीं स्नेह जोडणारे. संस्थेनें लेनो यांना निवडलें. लेटरमन यांनीं सी. बी. एस. ह्या प्रतिस्पर्धी संस्थेचा रस्ता धरला आणि ३० ऑगस्ट १९९३ रोजीं त्याच वेळेला आपला स्वतंत्र कार्यक्रम उघडला. अशा रीतीनें एका गादीच्या दोन गाद्या झाल्या. पहिलीं दोन वर्षें लेटरमन पुढें होते. १९९५ पासून लेनो पुढें गेले.

लेटरमन यांची मोकळी झालेली मध्यरात्रीनंतरची जागा १३ सप्टेंबर १९९३ रोजीं कॉनन ओब्रायन ह्या तीस वर्षांच्या लेखकाला मिळाली. ते पडद्यामागें राहून दुसऱ्यांसाठीं विनोद लिहीत; स्वतः प्रेक्षकांसमोर उभें राहण्याचा त्यांचा अनुभव नसल्यासारखाच होता. टीकाकारांनीं त्यांची फार निर्भर्त्सना केली. संस्थेनेंहि त्यांचा करार कित्येक दिवस थोड्याथोड्या मुदतीनेंच वाढविला. तथापि त्यांना काढून टाकलें नाहीं. रात्रीं साडेबारा वाजतां पाहणारे थोडे. तेथें चुकण्यास जागा असते. चुकत चुकत ओब्रायन यांनीं आपला ढंग शोधला, आणि सोळा वर्षें तो कार्यक्रम चालविला. लोकांची सवय कशी कमवावी लागते याचें हें चांगलें उदाहरण आहे.

यापुढचा प्रसंग मात्र खेदकारक आहे. सप्टेंबर २००४ मध्यें एन. बी. सी. संस्थेनें जाहीर केलें कीं पांच वर्षांनंतर, म्हणजे २००९ मध्यें, लेनो निवृत्त होतील आणि ‘टुनाइट’ ओब्रायन यांच्याकडे जाईल. ओब्रायन यांनीं दुसरीकडे जाऊं नये आणि १९९२ चा कलह पुन्हां घडूं नये, हा ह्या घोषणेचा हेतु होता. परंतु पांच वर्षें संपलीं तेव्हांहि लेनो यांचे प्रेक्षक प्रतिस्पर्ध्यांहून अधिक होते, आणि एकोणसाठाव्या वर्षीं घरीं बसण्याची त्यांची तयारी नव्हती. ते दुसऱ्या संस्थेंत जातील ह्या भीतीनें चालकांनीं त्यांना रात्रीं दहा वाजतांचा रोजचा कार्यक्रम देऊं केला. १ जून २००९ रोजीं ओब्रायन ‘टुनाइट’च्या मेजामागें बसले, १४ सप्टेंबरला लेनो त्यांच्याआधीं दीड तास दिसूं लागले. गादी नव्याला दिली, पण जुने धनी ओसरीवरच बसले.

त्याचा परिणाम समजण्यासाठीं अमेरिकेंतील प्रक्षेपणाची व्यवस्था लक्षांत घेतली पाहिजे. मुख्य संस्था कार्यक्रम पुरविते. पण गांवोगांवचीं बहुतेक केंद्रें दुसऱ्यांच्या मालकीचीं असतात. त्या केंद्रांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा रात्रीच्या स्थानिक बातम्यांतून येतो. दहाच्या कार्यक्रमाचे प्रेक्षक बातम्यांसाठीं थांबतात, आणि बातम्यांचे प्रेक्षक पुढील कार्यक्रमासाठीं. पूर्वीं दहा वाजतां नाट्यमय कथानकें असत. त्यांच्या जागीं गप्पा आल्या आणि प्रेक्षक घटले. पाटाच्या तोंडाशींच पाणी आटल्यावर खालचे वाफेहि सुकावे, तसें झालें. बातम्यांचे प्रेक्षक कमी झाले आणि ‘टुनाइट’चेहि झाले. केंद्रचालकांनीं निक्षून तक्रार केली. तेव्हां जानेवारी २०१० मध्यें संस्थेनें तोड काढली ती अशी: लेनो यांना बातम्यांनंतर लगेच अर्धा तास द्यावा, आणि ‘टुनाइट’ मध्यरात्रीनंतर पांच मिनिटांनीं सुरू करावा.

दोघांनाहि ठेवण्याची ही युक्ति कागदावर निर्दोष होती. ओब्रायन यांच्या करारांत सूत्रधारपदाची हमी होती, वेळेची नव्हती, असें त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. परंतु प्रेक्षकांना ठाऊक असलेला ‘टुनाइट’ म्हणजे बातम्यांनंतर लागणारा कार्यक्रम. ती जागा गेली म्हणजे उरतें तें नांव. १२ जानेवारी रोजीं ओब्रायन यांनीं एक निवेदन प्रसिद्ध करून नकार दिला. त्यांचा मुद्दा असा होता कीं आपल्याला सात महिनेच मिळाले, आणि ही परंपरा मोडण्यांत आपण सहभागी होणार नाहीं. २२ जानेवारीला त्यांनीं शेवटचा कार्यक्रम केला. तडजोडीची एकंदर रक्कम सुमारे साडेचार कोटी डॉलर असल्याचें प्रसिद्ध झालें. तींतील सुमारे सव्वा कोटी त्यांच्या सहकाऱ्यांसाठीं होती. हीं माणसें त्यांच्याबरोबर न्यू यॉर्क सोडून, मुलांच्या शाळा बदलून, कॅलिफोर्नियांत बिऱ्हाड करून राहिलीं होतीं; आणि वर्षाच्या आंत तीं बेकार झालीं. गादीच्या कलहांत नांव दोघांचेंच होतें, किंमत मात्र पुष्कळांनीं दिली.

१ मार्च २०१० रोजीं लेनो पुन्हां आपल्या मेजामागें बसले. त्यांच्याविरुद्ध लोकांत पुष्कळ रोष होता. परंतु सगळा दोष त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पहिल्या क्रमांकावर असतांना त्यांना जाण्यास सांगितलें होतें. उलट ओब्रायन यांनींहि दिलेल्या शब्दावर विसंबून पांच वर्षें वाट पाहिली होती. जुन्याला जाऊं द्यावयाचें नाहीं आणि नव्याला तर बसवावयाचें, ह्या चालकांच्या दुहेरी लोभांत खरें मूळ होतें. नव्या सूत्रधाराला दोन गोष्टी लागतात: पूर्वसूरीचें संपूर्ण जाणें आणि चुकण्यास पुरेसा अवधि. ओब्रायन यांना १९९३ मध्यें दोन्ही मिळाल्या होत्या. २००९ मध्यें एकहि मिळाली नाहीं.

पुढील दोन वारसाहक्क शांतपणें पार पडले. फेब्रुवारी २०१४ मध्यें लेनो यांनीं दुसऱ्यांदा निरोप घेतला. १७ फेब्रुवारीला ३९ वर्षांचे जिमी फॅलन आले, आणि त्यांच्याबरोबर कार्यक्रम बेचाळीस वर्षांनीं न्यू यॉर्कला परतला. नवें शहर, नवा वाद्यवृंद, आणि पाहुण्यांशीं खेळ व गाणीं ह्यांवर भर, यांमुळें जुन्या घराची आठवण आपोआप मागें पडली. सी. बी. एस. संस्थेंत लेटरमन यांनीं २० मे २०१५ रोजीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, तेहतीस वर्षांची रात्रपाळी संपविली. सप्टेंबरांत त्यांच्या जागीं स्टीफन कोल्बेर आले. त्यांची अडचण निराळी होती. आधींचीं नऊ वर्षें ते दुसऱ्या कार्यक्रमांत एका अहंमन्य वृत्तनिवेदकाचें सोंग घेऊन बोलत. तें सोंग उतरवून स्वतःचा चेहरा दाखविण्यास त्यांना वेळ लागला. पहिल्या वर्षीं ते मागें राहिले, तरी त्यांना अवधि मिळाला. आणि २०१६-१७ च्या हंगामांत एकूण प्रेक्षकसंख्येंत त्यांचा कार्यक्रम पहिला आला.

तथापि ज्या सवयीसाठीं हे सारे कलह झाले, तीच दरम्यान बदलत चालली होती. विनोदाचा तुकडा दुसऱ्या दिवशीं सकाळीं दूरध्वनियंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर पाहणाऱ्याला रात्रीं साडेअकरापर्यंत जागण्याचें कारण उरत नाहीं. आणि ठराविक वेळेला पाहणारे कमी झाले, म्हणजे त्या वेळेच्या जाहिरातीहि कमी होतात. १७ जुलै २०२५ रोजीं सी. बी. एस. संस्थेनें जाहीर केलें कीं कोल्बेर यांचा कार्यक्रम मे २०२६ मध्यें बंद होईल आणि त्यांच्या जागीं कोणाचीहि नेमणूक होणार नाहीं. निर्णय निव्वळ आर्थिक आहे असें संस्थेनें सांगितलें. संस्थेच्या मालक कंपनीनें राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्याशीं केलेल्या १ कोटी ६० लक्ष डॉलरांच्या तडजोडीवर कोल्बेर यांनीं थोडेच दिवस आधीं कडक टीका केली होती, इकडेहि अनेकांनीं बोट दाखविलें. कारण कोणतेंहि असो, वारस कोण हा प्रश्न मागें पडून गादी राहणार कीं नाहीं हा प्रश्न प्रथमच इतक्या उघडपणें पुढें आला.

ह्या सर्व इतिहासांत निवृत्तीची शोभा एकाच माणसानें पूर्णपणें राखली असें म्हणावें लागतें. १३ मे १९९४ रोजीं लेटरमन यांचा कार्यक्रम लॉस एंजल्स येथून होत असतां कार्सन अचानक रंगमंचावर आले. प्रेक्षक उभे राहिले; टाळ्यांचा कडकडाट थांबेना. कार्सन लेटरमन यांच्या मेजामागील आसनावर क्षणभर बसले, एकहि शब्द न बोलतां उठले आणि निघून गेले. दूरचित्रवाणीवरील तें त्यांचें शेवटचें दर्शन. परंतु आयुष्याच्या अखेरच्या काळांत ते घरीं बसून लेटरमन यांच्यासाठीं अधूनमधून विनोद लिहून पाठवीत. २३ जानेवारी २००५ रोजीं कार्सन वारले, आणि ३१ जानेवारीच्या रात्रीं लेटरमन यांनीं आपल्या कार्यक्रमाचा सबंध पूर्वरंग त्या विनोदांचा केला. प्रेक्षक नेहमींप्रमाणें हंसले. ते कोणाच्या विनोदांना हंसत होते, हें लेटरमन यांनीं त्यांना नंतर सांगितलें.